अकरा पन्नास तीनदा वाजले

संगणकाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या पारनेर तालुक्यात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की कानिफनाथाने लपवून ठेवलं! लोक माऊस घेऊन चित्रांवर टिचक्या मारत बसतात. आपण तसले नाही. आपण काळा पडदा उघडतो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहितो, एंटर मारतो, आणि संगणक मुकाट्याने ऐकतो. घरात माझं कोणी ऐकत नाही म्हणूनही असेल, पण मला ते फार आवडतं.

हा आज्ञाधारक संगणक माझ्या मच्छिंद्रमामांच्या मंगल कार्यालयात आहे. स्टेजच्या डाव्या अंगाला काचेची केबिन, तिच्यात मी. स्टेजमागे भिंतभर एलईडी स्क्रीन, आणि त्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं घड्याळ. तुतारी, मंगलाष्टकं, रंगीत कागदांचा स्फोट, जेवणाची घोषणा, पाठवणीची सनई, सगळं संगणकात भरून ठेवलेलं. वेळ झाली की आपोआप वाजणार! शेवटचं मंगलाष्टक तर गुरुजींनी आधीच रेकॉर्ड करून दिलं होतं, कारण लग्नसराईत त्यांचा घसा चौथ्या लग्नालाच बसतो.

शिवाय त्यात मी स्वतःची एक अक्कल घातली होती. मध्येच लाईट गेली आणि परत आली, तर राहून गेलेले सगळे कार्यक्रम संगणकाने एकापाठोपाठ एक आपणहून उरकून घ्यायचे. लाईट जाणार हे ज्याला आधी कळतं तोच खरा इंजिनिअर! असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरत होतो.

त्या दिवशी राजेश्वरी नावाच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. आता आमच्याकडे पत्रिकेत बारा पस्तीस छापलं की लोक घरून एक वाजता निघतात. पण त्या दिवशी मला लग्न वेळेवरच लावायचं होतं, कारण मुलीकडच्या पाहुण्यांत अमृततात्या येणार होते.

अमृततात्या म्हणजे अश्विनीचे वडील. आणि अश्विनी म्हणजे... आता लाजून काय करू, मला सांगून आलेलं स्थळ! माझं वय तेहतीस. याआधीचे नकार मोजायचं मी सोडून दिलेलं. शेताच्या भरवशावर कोणी मुलगी देत नाही, आणि कार्यालयातल्या काचेच्या केबिनला कोणी नोकरी म्हणत नाही. अश्विनी नगरला पतसंस्थेत कामाला, दिसायला छान, बोलायला त्याहून छान. आणि तात्या? एसटीत वाहतूक नियंत्रक! उभा जन्म नगरच्या स्टँडवर माईकसमोर बसून गाड्या सोडण्यात गेलेला. उशिराची एवढी चीड की घरच्या सत्यनारायणाला गुरुजी उशिरा आले म्हणून तात्यांनी पोथी स्वतःच वाचून संपवली होती. त्यांची अट एकच. मुलगा वेळेचा पक्का पाहिजे.

मामांनी सकाळीच बजावलं होतं, "भाच्या, तात्या लग्नाला कमी अन् तुला बघायला जास्त येनार हायेत. हे लगीन टायमावर लाव. तुझं बी लागंल!"

"मामा, सेकंदाला सेकंद लावतो!" मी म्हणालो. आणि केबिनमध्ये जाऊन संगणक चालू केला.

बाहेर साडेदहा वाजले होते. संगणकात पाच!

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. आपण जाणकार माणूस! संगणक नुकताच नगरहून दुरुस्त होऊन आला होता. तिथल्या कारागिराने नवी लिनक्स प्रणाली टाकली आणि वेळेचा विभाग तसाच सोडून दिला. त्यामुळे बिचारा संगणक समजत होता की आपण लंडनच्या आसपास कुठेतरी बसलोय, आणि आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालत होता. एका ओळीचं काम. काळा पडदा उघडला, 'टाइमडेटसीटीएल' असा जीभ अडखळणारा हुकूम लिहिला, त्यापुढे 'सेट टाइमझोन', आणि त्यापुढे 'एशिया, तिरकी रेघ, कोलकाता'. एंटर मारणार, एवढ्यात मागून मामांचा आवाज आला.

"कोलकाता कशाला रं? लगीन पारनेरला हाय!"

मागे मामा, गुरुजी आणि नवरीचे चुलते सुनीलराव असे तिघे उभे होते.

"मामा, भारतभर वेळ एकच असते. यादीत नाव फक्त कोलकात्याचं आहे."

"मुंबई न्हाई?"

"नाही."

"दिल्ली बी न्हाई?"

"नाही."

"मंग यादीच खोटी हाय!"

इथवर मी हसत होतो. पण गुरुजींनी चष्मा वर केला. "कानिफनाथ, पंचांगात कोलकात्याचा सूर्योदय निराळा असतो. सूर्योदय निराळा म्हणजे मुहूर्त निराळा. उद्या मुलीच्या संसारात काही कमीजास्त झालं, तर लोक माझ्या नावाने बोटं मोडतील. मला कोलकाता चालणार नाही!"

सुनीलरावांचा चेहरा पडला. "न्हाई न्हाई! आमच्या पोरीचं लगीन कोलकात्याच्या टायमावर नको! पाहिजे तर दुसरा कम्प्युटर आना!"

समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण बाहेर पाहुणे यायला लागले होते, आणि तिघंही माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मी नवरीच बदलायला निघालोय. मी म्हटलं, जाऊ दे! विभाग तसाच ठेवला आणि काटे हाताने पुढे सरकवायचं ठरवलं. संगणकाने साफ नकार दिला. आपोआप वेळ जुळवणं चालू आहे, हाताने बदलता येणार नाही, म्हणाला. यंत्र नको म्हणत होतं, मंडळी! मी ते आपोआप जुळवणंच बंद करून टाकलं आणि मोबाईलमध्ये बघून वेळ बसवली. स्क्रीनवर घड्याळ झळकलं. बरोब्बर!

अकराला तात्या आले. पांढरा सदरा, टोपी, मनगटावर चावीचं घड्याळ. बरोबर अश्विनी, मोरपंखी साडीत. तात्यांनी आधी स्क्रीनकडे बघितलं, मग मनगटाकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. आणि मान डोलावली! अश्विनीने केबिनकडे बघितलं. मी घाईघाईने काहीतरी टाइप केल्यासारखं केलं. आयुष्यात मी एवढा देखणा कधीच दिसलो नसेन.

बारा वाजून गेले तरी नवरदेवाचा पत्ता नव्हता. वरात मारुतीच्या देवळापाशी नाचत होती. सुनीलराव घाम पुसत केबिनमध्ये शिरले.

"कानिफराव, घात झाला! वऱ्हाडी हालंना झालेत. मुहूर्त गेला तर माझा थोरला भाऊ मला उभा चिरंल. एवढं घड्याळ जरा मागं घेता का? पंधराच मिनिटं!"

"अहो, घड्याळ मागे घेतल्याने वेळ मागे जात नाही!"

"लोकांना काय कळतंय? लोक स्क्रीन बघत्यात. पोरीच्या बापाची लाज राखा!"

काय करणार? मुलीची बाजू! मी हुकूम लिहिला. बारा पाचचे अकरा पन्नास झाले. दीड हजार माणसं बसली होती, एकानेही मान वर केली नाही. फक्त तिसऱ्या रांगेत एक टोपी हलली. तात्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून ऐकलं.

थोड्या वेळाने नवरदेवाचे मामा रविराज आले. गळ्यात सोन्याचा साखळदंड, गुलालाने माखलेले, दम लागलेला.

"घड्याळ कोन बघतंय हितलं?"

"मी."

"पोरगं आत्ता गाडीत बसतंय. त्याला कापडं बदलायची हायेत. आमी आल्याबिगर मंगलाष्टकं वाजली तर वरात माघारी जाईल, सांगून ठिवतो! काटा मागं वढा!"

आता यांना नाही कसं म्हणणार? ओढला! बारा पाचचे पुन्हा अकरा पन्नास! स्टेजवर एक माजी उपसभापती शुभाशीर्वादपर भाषण करत होते. त्यांनी मागे वळून घड्याळ बघितलं, अजून भरपूर वेळ आहे असं समजून नवीन मुद्दा घेतला.

आणि तिसऱ्या रांगेतली टोपी उभी राहिली.

मंडळी, तात्या केबिनपर्यंत चालत येईतो माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी काचेवर दोन बोटं वाजवली आणि दार उघडलं.

"पोरा, नगरच्या स्टँडवर मी लई प्रकार बघितले. पन अकरा पन्नास तीनदा वाजलेले आज पहिल्यांदा बघतोय."

"तात्या, ते... जरा... नेटचा प्रॉब्लेम..."

"माझ्या घड्याळात बारा पंचवीस झालेत. तुझ्यात अकरा पंचावन. अर्ध्या तासाचा फरक! आमच्यात एवढ्या फरकाला मेमो मिळायचा. आत्ताच्या आत्ता बरोबर कर."

माझ्या डोळ्यांपुढे अश्विनीची मोरपंखी साडी दूर दूर जाताना दिसली. डोकं चालेना! एकच आठवलं. सकाळचा तो खरा, शास्त्रशुद्ध हुकूम, जो मामांनी आणि गुरुजींनी मारू दिला नव्हता. आता ना मामा होते ना गुरुजी. एशिया, तिरकी रेघ, कोलकाता. म्हटलं, तात्यांसमोर अस्सल विद्या दाखवू! एंटर!

मारल्यावर आठवलं. सकाळी साडेपाच तास मी हाताने पुढे केलेच होते. आता कोलकात्याने आणखी साडेपाच तास पुढे केले!

स्क्रीनवर संध्याकाळचे साडेपाच वाजायला आले.

संगणकाने विचार केला, अरे बापरे, लाईट गेली होती वाटतं! सगळे कार्यक्रम राहून गेले की! आणि मी शिकवल्याप्रमाणे, अत्यंत प्रामाणिकपणे, तो एकापाठोपाठ एक उरकायला बसला.

तुतारी वाजली. उपसभापतींचं वाक्य तोंडातच राहिलं. लगेच गुरुजींचा रेकॉर्ड केलेला आवाज, शेवटचं मंगलाष्टक! मी हुकूम मारतोय, बंद हो, बंद हो! पण घाईत एकही अक्षर जागेवर पडेना. शेवटी स्पीकरची वायरच उपटायची म्हणून मी स्टेजकडे धावलो. माझ्यामागे तात्या, "आरं थांबव ते! थांबव!" करत. मी स्टेजवर डावीकडून चढलो, तात्या वळसा घालून उजवीकडून. तेवढ्यात "शुभमंगल सावधान!" झालं आणि उपसभापतींच्या दोन्ही बाजूंना रंगीत कागदांचे स्फोट झाले. एवढा वजनदार माणूस, पण एका उडीत स्टेजवरून खाली!

आता एक लक्षात घ्या. आपल्याकडे लोक अक्षता कानाने टाकतात, डोळ्यांनी नाही. मागच्या रांगांना स्टेज दिसतच नाही. 'सावधान' ऐकलं की मूठ सोडायची! दीड हजार मुठी सुटल्या. आणि स्टेजवर समोरासमोर उभे होतो मी आणि अमृततात्या. टोपीत अक्षता, मिशीत अक्षता, माझ्या कॉलरमध्ये अक्षता. बँडवाल्यांनीही ठेका धरला. कोणीतरी फोटोसुद्धा काढला!

"वधूवरांना शुभाशीर्वाद दिल्याबद्दल आभार. मंडळींनी जेवून जावे!" संगणक म्हणाला.

अर्धं कार्यालय उठलं. खुर्च्या उलटल्या, ताटं वाजली. इतक्यात पाठवणीची सनई सुरू झाली. आतल्या खोलीत राजेश्वरीची हळदीची साडीसुद्धा बदलून झाली नव्हती, तिने सनई ऐकली आणि हंबरडा फोडला. "आई गं, माझं लगीन कधी लागलं?" तिच्यामागे सगळ्या मावश्या, आत्या रडायला लागल्या. रडण्याचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सनई वाजल्यावर कारण कोण विचारतो!

आणि याच मुहूर्तावर नवरदेव दारात पोचला. समोरून लोक हातात जिलेबी घेऊन येत होते. रविराजमामा ओरडले, "कुनाचं लगीन लावलं रं? आमचं पोरगं तर हितं हाय! माघारी फिरवा गाड्या! फिरवा म्हनतो!"

सुनीलराव त्यांच्या पाया पडायला धावले. गुरुजी म्हणत होते, "मी बोललोच नाही! माझा फक्त आवाज आहे!" मामा माझ्या नावाने काय काय ओरडत होते ते लिहिण्यासारखं नाही. माझं जाऊ द्या, माझ्यापायी एका मुलीचं लग्न मोडतंय, या विचाराने मला खरोखर रडू फुटायला आलं.

एवढ्यात स्पीकरमधून वेगळाच आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!"

नगर जिल्ह्यातला माणूस कुठेही असो, कितीही घाईत असो, हा आवाज आला की जागच्या जागी थांबतो. जिलेबीवाले थांबले. रविराजमामा थांबले. मावश्यांचं रडणं अर्ध्यावर थांबलं. स्टेजवर तात्या माईक धरून उभे होते, टोपीवर अक्षता तशाच.

"तांत्रिक अडचणीमुळं झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बारा पस्तीसचा शुभविवाह अजून सुटलेला नाही. नवरदेवानी तातडीनं स्टेजवर यावं. जेवायला गेलेल्यांनी आपापल्या जागेवर परत यावं. कानिफनाथ, मेन स्विच बंद कर!"

मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. काटे, कोलकाता, सनई, सगळं गप्प!

नवरदेव वरातीच्या गुलालातच उभा राहिला. गुरुजी बसलेल्या घशाने स्वतः मंगलाष्टकं म्हणाले. मुहूर्ताच्या अलीकडे-पलीकडे थोडं झालं, पण गुरुजी म्हणाले चालतं, आणि ते म्हणाले म्हणजे चालतं. अडचण एकच होती, लोकांच्या अक्षता आधीच संपल्या होत्या. पुढच्यांनी जमिनीवरच्या वेचून टाकल्या, मागून मसालेभाताची शितं आली. कसंही असो, लग्न लागलं! इतक्या वेळेवर लागलेलं लग्न आमच्या कार्यालयाने आधी पाहिलं नव्हतं. आणि त्याचं सगळं श्रेय तात्यांना गेलं.

मी अंधाऱ्या केबिनमध्ये जाऊन बसलो. जेवायला कोणी बोलावलं नाही. तात्या केबिनसमोरून गेले. आत बघितलंसुद्धा नाही. संपलं, मी मनाशी म्हटलं. चांगलं स्थळ होतं.

थोड्या वेळाने दार वाजलं. अश्विनी! हातात जिलेबीची वाटी.

"बसू का?"

मी खुर्ची पुसून दिली. ती बसली. मी उभाच.

"एक विचारायचं होतं. तुमचे मामा म्हणत होते, सकाळी तुम्ही एका हुकमाने वेळ लावणार होता, मग हाताने का बदलली?"

"मामा आणि गुरुजी कोलकाता नको म्हणाले."

"मग पहिल्यांदा मागे का घेतली?"

"सुनीलराव म्हणाले."

"दुसऱ्यांदा?"

"रविराजमामा म्हणाले."

"आणि शेवटी पुढे?"

"तात्या म्हणाले."

तिने चार बोटं मोजली. "म्हणजे मागे न्यायचं की पुढे, तुमचं स्वतःचं असं काहीच म्हणणं नव्हतं?"

"नाही," मी खरं तेच सांगितलं. "मला कोणाला नाही म्हणताच येत नाही हो."

तिने वाटी माझ्यापुढे सरकवली. "खा."

मी खाल्ली.

"सगळी संपवा."

संपवली. रिकामी वाटी घेऊन ती गेली. मला वाटलं, नकार देण्याआधी तोंड गोड करतात, तसलं काहीतरी असेल. ते दोन दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. फोन वाजला की दचकायचो, नाही वाजला की जास्त दचकायचो.

आणि मामा धावत आले! "भाच्या, होकार आला! तात्यांचा साफ नकार हुता. म्हनले, हे पोरगं टायमाचं अजिबात न्हाई. पन पोरगी हटून बसली! म्हनली, मला हाच पायजे."

"हाच?" माझा कानावर विश्वास बसेना. "का म्हणाली?"

"म्हनली, तात्या, एवढं सांगितल्याप्रमानं ऐकनारा मानूस नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा न्हाई."

मंडळी, मी हे वाक्य कौतुकाने गावभर सांगत फिरलो. लोक हसायचे. ते का हसत होते, हे मला थेट लग्नानंतर कळलं.